लग्न ठरल्यावर जुळवलेली पत्रिका आणि सरासरीला परत येणारा शेअर

परवा सीएसएमटीहून कर्जत फास्ट पकडली, नेहमीसारखा उभाच, आणि शेजारचा मुलगा मित्राला मोबाईलवर चार्ट दाखवत होता की बघ, हा शेअर कितीही वर गेला तरी सरासरीला परत येतोच, मी टेस्टपण लावली, पी व्हॅल्यू 0.03 आली, म्हणजे 97 टक्के गॅरंटी. पी व्हॅल्यूचा अर्थ तसा नसतोच (शेअर परत येणारा नसता, तरी नुसत्या योगायोगाने इतका पुरावा दिसायची शक्यता 3 टक्के, एवढंच ती सांगते), पण ते जाऊ दे, माझा जीव अडकला त्या सरासरीत.

टेस्ट बहुतेक डिकी आणि फुलर या संख्याशास्त्रज्ञांची असणार, 1979 ची. तिचा प्रश्न साधा आहे, आकड्यांच्या मालिकेला बसलेला धक्का विरतो की कायमचा राहतो? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिमी पाऊस पडला, पण पुढच्या वर्षीचा पाऊस काही तिथून पुढे मोजायला लागला नाही. सेन्सेक्स मात्र आज जिथे बंद होतो साधारण तिथूनच उद्या निघतो. गणितात म्हणायचं तर कालच्या आकड्याला कितीने गुणून आजचा येतो ते बघायचं. 0.95 असेल तर धक्का साडेतेरा पावलांत अर्धा होतो, नेमका 1 असेल तर कधीच विरत नाही, हेच युनिट रूट. टेस्ट आधी 1 धरून चालते आणि पुरावा मिळाला तरच ते नाकारते.

आता खरी गंमत. घाटकोपरला एक माणूस उभा करा, नाणं उडवायचं, छापा आला तर एक पाऊल ठाण्याकडे, काटा आला तर कुर्ल्याकडे. शंभर पावलांनंतर तो सरासरी कुठे होता तिथे खडूने रेघ मारा. मागे वळून पाहिलंत तर तो कधी रेघेच्या या बाजूला, कधी त्या बाजूला, जणू रेघ त्याला ओढतेय! पण रेघ तर त्याच्याच पावलांवरून काढली ना, चालताना ती नव्हतीच. लग्न ठरल्यावर पत्रिका जुळवली तर छत्तीस गुण येणारच. (आधी जुळवली तरी मला काही फरक पडेल असं वाटत नाही, आणि ग्रहांवरून मार्केट सांगणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको.)

टेस्ट शेवटी एक आकडा देते, तो ठरलेल्या हद्दीच्या खाली गेला की 1 नाकारायचा. पण रेघेच्या या गमतीमुळे इथे नेहमीची -1.65 ची हद्द लावली तर निव्वळ रँडम वॉकलासुद्धा, म्हणजे त्या नाणं उडवत चालणाऱ्यालाही, शंभरात 40 पेक्षा जास्त वेळा 'परत येतो' असा शिक्का बसतो. डिकी-फुलरनी हद्द -2.86 वर नेली. खोटे शिक्के थांबले, पण 0.95 वाला खरा परतणाराही बऱ्याचदा सुटून जातो.

यावर 1996 मध्ये इलियट, रोथेनबर्ग आणि स्टॉक यांनी काढलेली युक्ती मला भयंकर आवडते. सरासरी काढण्याआधी प्रत्येक आकड्यातून आदल्या आकड्याचा बराचसा भाग वजा करायचा, शंभर आकडे असतील तर 0.93 पट. पहिल्या आकड्याच्या आधी काहीच नाही, तो पूर्ण वजनाने उरतो, आणि नवीन सरासरीत त्याचा एकट्याचाच वाटा दोनतृतीयांश होतो. म्हणजे खडूची रेघ जवळपास जिथून माणूस निघाला तिथेच पडते, त्याच्या मागे पळत नाही. मग हद्द -1.95 च्या आसपास ठेवली तरी चालते आणि खरा परतणारा सापडायची शक्यता खूप वाढते.

याशिवाय 1989 मध्ये पेराँ या अर्थतज्ज्ञाने दाखवलं की 1929 ची मंदी किंवा 1973 चा तेलाचा भडका अशी एखादी मोठी पायरी हिशोबात धरली नाही तर शहाणी मालिकाही भटकी दिसते. आणि आकडे किती यापेक्षा काळ किती हे महत्त्वाचं. धक्का अर्धा व्हायला तेरा वर्षं लागत असतील तर पाच वर्षांचे रोजचे बाराशे आकडे घेऊन काय करणार?

कल्याणला उतरताना त्या मुलाला विचारलं, डेटा किती दिवसांचा? म्हणाला, काका, आठ महिन्यांचा, पण मिनिटामिनिटाचा आहे.