थंड प्रदेशातील लहान मोटारीचे इंजिन ऑइल

लहान पेट्रोल मोटारीच्या इंजिनात साधारण तीन लिटर तेल मावते. गाडी रात्रभर उभी राहिली की हे तेल निथळून तळाच्या चेंबरमध्ये जमा होते. सकाळी सेल्फ मारला की पंपाने ते गाळणीतून ओढून पुन्हा बेअरिंग आणि कॅमशाफ्टपर्यंत चढवायचे असते. पुण्या-मुंबईत हे काम दोन-तीन सेकंदांत उरकते. लेह, द्रास किंवा लाहौलमधील केलाँग येथे जानेवारीत पारा उणे १५-२० अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो, तेव्हा तेच तेल काकवीसारखे दाट झालेले असते आणि इंजिनाचे वरचे भाग काही काळ जवळजवळ कोरडे फिरतात. इंजिनाची मोठी झीज याच वेळात होते. म्हणून थंड मुलखात तेलाची निवड ही मायलेजपेक्षा इंजिनाच्या आयुष्याची बाब ठरते.

डब्यावरचे आकडे : अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह इंजिनिअर्स या संस्थेने १९११ मध्ये इंजिन तेलांची श्यानतेनुसार, म्हणजे दाटपणानुसार, प्रतवारी सुरू केली. आज जगभर तिचे ‘जे-३००’ हे मानक वापरतात. ‘५डब्ल्यू-३०’ यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. तो ‘वेट’चा, म्हणजे वजनाचा, डब्ल्यू आहे, किंवा ५ म्हणजे उणे ५ अंशांपर्यंत चालणारे तेल, हे दोन्ही समज गॅरेजांत सर्रास ऐकू येतात आणि दोन्ही चुकीचे आहेत. डब्ल्यूच्या आधीचा, म्हणजे पुढचा, आकडा थंडीतील वागणूक सांगतो. तो जितका लहान तितके तेल कमी तापमानात वाहते राहते. मागचा, म्हणजे डब्ल्यूनंतरचा, आकडा तापलेल्या इंजिनातील दाटपणा सांगतो. १०० अंशांना ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (दाटपणाचे एक एकक) या पट्ट्यात बसणारे तेल ‘३०’चे, त्याच्या वर १६.३ पर्यंतचे ‘४०’चे. मागचा आकडा इंजिन बनवणाऱ्याने बेअरिंगच्या फटी आणि पंपाची क्षमता पाहून ठरवलेला असतो, तो आपण बदलू नये. हिवाळ्यासाठी निवड करायची ती पुढच्या आकड्याची.

हा पुढचा आकडा दोन चाचण्यांवर ठरतो. पहिलीत गार तेलात इंजिन फिरवायला किती जोर लागेल ते मोजतात. २०डब्ल्यू तेलासाठी ही मोजणी उणे १५ अंशांना होते, १५डब्ल्यूसाठी उणे २०, १०डब्ल्यूसाठी उणे २५, ५डब्ल्यूसाठी उणे ३० आणि ०डब्ल्यूसाठी उणे ३५ अंशांना. दुसऱ्या चाचणीत तेल पंपाने ओढले जाईल का ते पाहतात आणि ती प्रत्येक श्रेणीसाठी पहिलीपेक्षा आणखी पाच अंश खाली घेतात. या पाच अंशांत मोठे शहाणपण आहे. थंडीत सेल्फला इंजिन फिरलेच नाही तर माणूस वैतागतो, पण इंजिन शाबूत राहते. इंजिन सुरू झाले आणि पंपाला तेल ओढता आले नाही, तर काही मिनिटांत बेअरिंग जळतात. म्हणून तेल असे हवे, की थंडी वाढत गेली तर आधी इंजिन फिरायचे थांबेल, तेलाचा पुरवठा नंतर.

हा धडा महागात पडून शिकलेला आहे. १९७९-८० आणि १९८०-८१ च्या हिवाळ्यांत अमेरिकेतील दक्षिण डकोटा राज्यातल्या सू फॉल्स शहराच्या परिसरात अनेक गाड्यांची इंजिने तेल न मिळाल्यामुळे बिघडली. त्यांतली तेले तेव्हाच्या चाचण्यांत उत्तीर्ण झालेली होती. प्रयोगशाळेत तेल भराभर थंड करत. सू फॉल्सला ते दिवस-दोन दिवस संथपणे गार होत गेले. अशा संथ थंडाव्यात तेलातील मेणाचे स्फटिक एकमेकांत गुंफून जाळे तयार करतात आणि तेल खरवसासारखे थिजते. पंप सुरू झाला की गाळणीभोवतीचे तेवढे तेल ओढले जाते, तिथे खळगा पडतो, बाजूचे तेल त्यात ओघळत नाही आणि पंप हवा ओढू लागतो. डिपस्टिकवर तेलाची पातळी मात्र बरोबर दिसते. त्यानंतर पंपाच्या चाचणीत तेल मुद्दाम संथपणे, दोन दिवसांच्या आसपास लांबणाऱ्या चक्रात, गार करण्याची पद्धत आली.

मेणाचा हा प्रश्न मुळात खनिज तेलाचा आहे. कच्च्या तेलापासून काढलेल्या साध्या आधार तेलात काही मेण उरतेच. त्यात स्फटिकांची वाढ रोखणारी रसायने मिसळतात, पण त्यांना मर्यादा असते. रासायनिक रीतीने जोडून बनवलेल्या पॉलिअल्फाओलेफिन प्रकारच्या सिंथेटिक तेलात मेण नसतेच. ०डब्ल्यू आणि बहुतेक ५डब्ल्यू तेले सिंथेटिक किंवा अतिशुद्ध केलेल्या आधार तेलावर बेतलेली असतात. किंमत जास्त असते, आणि थंड मुलखात ती वसूल होते.

‘पातळ’ तेलाची भीती : आपल्याकडे जुन्या मोटारींत २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० तेल घालण्याची पद्धत वर्षानुवर्षे रुजलेली आहे आणि महाराष्ट्राच्या हवेत त्या गाड्यांचे त्याने काही बिघडले नाही. त्यातूनच ‘जाड तेल म्हणजे इंजिनाला जास्त संरक्षण’ ही समजूत पक्की झाली. ५डब्ल्यू-३० बोटांवर घेऊन चोळले की मेकॅनिक म्हणतो, हे तर पाण्यासारखे आहे. आकडे वेगळे सांगतात. उणे ३० अंशांना या तेलाला ६,६०० सेंटिपॉइजपर्यंत (हे दाटपणाचे दुसरे एकक) दाट होण्याची मुभा आहे. १०० अंशांना तेच तेल दहा सेंटिपॉइजच्याही खाली येते आणि इंजिनाची रचना त्या शेवटच्या दाटपणासाठी केलेली असते. म्हणजे गार इंजिनात ‘पातळ’ तेलही गरजेच्या शेकडो पट दाट असते. थंडीत तेल फार पातळ होईल ही धास्ती बाळगायला जागाच नाही.

हा फरक घरीही पाहता येतो. दोन लहान पारदर्शक बाटल्यांत २०डब्ल्यू-५० आणि ५डब्ल्यू-३० अर्ध्यापर्यंत भरून घरच्या फ्रीजच्या फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवाव्यात. तिथे तापमान उणे १८ अंशांच्या जवळपास असते. सकाळी दोन्ही बाटल्या एकदम आडव्या केल्या की एकीतले तेल सरसर कडेला येते आणि दुसरीतले जागचे हलायलाच वेळ घेते. केलाँगच्या सकाळी पंपापुढे हेच काम असते.

महाराष्ट्रातील गाड्या : निफाडला पारा पाच अंशांच्या खाली गेला की बातमी होते, महाबळेश्वरला दवबिंदू गोठतात, तरी या थंडीसाठी तेल बदलण्याची गरज नाही. २०डब्ल्यू तेलही तिथे आपल्या हद्दीत असते. प्रश्न येतो तो गाडी उत्तरेला नेताना. २०२० मध्ये ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीहून लाहौलमध्ये भर हिवाळ्यातही जाता येते आणि महाराष्ट्राच्या पासिंगच्या छोट्या गाड्याही तिथे बर्फात उभ्या दिसतात. उणे २० अंशांच्या रात्री २०डब्ल्यू तेल सेल्फच्या चाचणीच्या हद्दीपलीकडे आणि पंपाच्या अगदी काठावर असते. अशा प्रवासाआधी गाडीची पुस्तिका उघडून त्यातला तापमान आणि श्रेणींचा तक्ता पाहावा. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० ला मुभा असेल तर निघण्यापूर्वीच फिल्टरसकट तेल बदलावे. परत आल्यावर ते काढून टाकायचे कारण नाही. मागचा ३० आकडा उन्हाळ्याचे काम सांभाळतो. अलीकडच्या अनेक लहान पेट्रोल गाड्यांना कंपनीच ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ सांगते; त्यांच्या मालकांना वेगळे काही करावे लागत नाही. मात्र ‘चढावर इंजिन तापेल’ म्हणून त्यांत ४० किंवा ५० चे तेल कोणी भरत असेल, तर त्याला ठामपणे नाही म्हणावे.

थंडीत गाडी सुरू झाली नाही की दोष तेलाचाच असे नाही. बॅटरीची ताकद थंडीने खूप घटते. बॅटरीवर छापलेला ‘कोल्ड क्रँकिंग’ अँपिअरचा आकडा उणे १८ अंशांना मोजलेला असतो आणि जुनी बॅटरी त्याच्या जवळपासही पोचत नाही. डिझेल गाड्यांत इंधनच थिजते. लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने २०१९ मध्ये आणले, ते याच अडचणीवर.

सुरू झाल्यानंतर : गार इंजिन जागेवर रेज करणे ही सर्वांत वाईट सवय. ऑइलचा दिवा विझल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून गाडी हळू हाकावी. काट्यावर दिसते ते कूलंटचे तापमान. तेल त्याच्या बरेच मागून तापते, त्यामुळे काटा मधोमध आला तरी आणखी काही किलोमीटर संयम ठेवावा. रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीचे तेल हिवाळ्यात पुरते तापतच नाही. मग न जळलेले पेट्रोल आणि वाफेचे पाणी तेलात साठते. तेल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला सायीसारखा पिवळट थर दिसू लागला की ही त्याची खूण समजावी. असा वापर असेल तर बहुतेक पुस्तिका तेल लवकर बदलायला सांगतात आणि ते ऐकावे.

याहून कडक थंडीत चांगले तेलही एकटे पुरत नाही. अलास्कात एकेकाळी दुर्गम भागांत विमाने चालवणारे वैमानिक रात्री इंजिनातले तेल काढून उबदार जागी ठेवत आणि सकाळी गरम करून ओतत. आता कॅनडात विनिपेग, एडमंटनसारख्या शहरांत इंजिनाला विजेचा हीटर बसवतात. तिथे राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांना पहिल्या हिवाळ्यात गाडीच्या जाळीतून लोंबणारा विजेचा प्लग नवलाचा वाटतो. थंडीच्या रात्री पार्किंगमधल्या खांबाला तो जोडून ठेवला की इंजिनाभोवतीचे कूलंट कोमट राहते आणि सकाळी सेल्फ पहिल्या झटक्यात लागतो.