खुलासा : लोकसेवा आयोग ‘नोकरी देत’ नाही

नाशिकच्या गंगापूर रोडवरील अभ्यासिकांमध्ये एक समजूत वर्षानुवर्षे टिकून आहे : पदे किती भरायची हे महाराष्ट्र लोकसेवा आयोग ठरवतो, नियुक्तीही तोच देतो आणि आदेश रखडला तर दोषही त्याचाच.

वस्तुस्थिती वेगळी आहे. रिक्त पदांचे मागणीपत्र संबंधित विभाग पाठवतो. आयोग त्यानुसार जाहिरात देतो, परीक्षा व आवश्यक तेथे मुलाखत घेतो आणि पात्र उमेदवारांची शासनाकडे केवळ शिफारस करतो. त्यानंतरची चारित्र्य पडताळणी, वैद्यकीय तपासणी आणि प्रत्यक्ष नियुक्तीचा आदेश ही शासनाची कामे आहेत. त्र्यंबक रोडवरील महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षणासाठी येणारा सरळसेवेचा उपनिरीक्षक निवडला जातो आयोगाकडून, पण त्याच्या हाती आदेश पडतो तो शासनाचा. (पेढे मात्र निकालाच्याच दिवशी वाटले जातात, आणि गोंधळाचे मूळ बहुधा तेथेच असावे.)

परीक्षा हे आयोगाचे एकमेव कामही नव्हे. संविधानाच्या अनुच्छेद 320 नुसार भरतीच्या पद्धती, पदोन्नतीची तत्त्वे आणि शिस्तभंगाची प्रकरणे यांबाबत शासनाने त्याचा सल्ला घ्यावयाचा असतो. हा सल्ला शासनावर बंधनकारक नाही. तथापि तो कोठे व का नाकारला याची कारणे, अनुच्छेद 323 प्रमाणे, आयोगाच्या वार्षिक अहवालासोबत विधिमंडळापुढे ठेवावी लागतात.