वृद्धापकाळातील मौखिक आरोग्य

उतारवयात दात, हिरड्या, जीभ, लाळग्रंथी, जबड्याची हाडे आणि असल्यास कवळी इतकी ठीक असणे, की चावताना, गिळताना व बोलताना त्रास होऊ नये, याला वृद्धापकाळातील मौखिक आरोग्य म्हणतात. ‘वय झाले की दात पडायचेच’ हा समज फार जुना आहे आणि चुकीचा आहे. दात वयामुळे पडत नाहीत. कीड आणि हिरड्यांचे रोग वर्षानुवर्षे जे नुकसान करतात, ते या वयात दिसू लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे २३ टक्के लोकांच्या तोंडात एकही नैसर्गिक दात उरलेला नसतो. जपानमध्ये १९८९ साली ‘८०२०’ ही मोहीम सुरू झाली. ऐंशीव्या वर्षी स्वतःचे निदान २० दात शाबूत असावेत, हे तिचे उद्दिष्ट. तेवढे दात असले तर बहुतेक अन्न कवळीवाचून चावता येते.

या वयात सर्वांत कमी लक्ष जाते ते लाळेकडे. लाळ अन्नाचे कण धुऊन नेते, जिवाणूंनी तयार केलेले आम्ल सौम्य करते आणि झिजू लागलेल्या दाताला कॅल्शियम व फॉस्फेट परत देते. ती आटली की हे तिन्ही आधार एकदम जातात. तोंडाला कोरड पडते ती बहुधा वयाने नव्हे, तर औषधांनी. रक्तदाब, नैराश्य, ॲलर्जी, लघवीवर ताबा न राहणे अशा तक्रारींवरची अनेक औषधे लाळ कमी करतात, आणि ज्येष्ठांना ती एकापेक्षा जास्त चालू असतात. ती स्वतःहून बंद करू नयेत. पण डॉक्टरांना सांगितल्यास औषध किंवा त्याची वेळ बदलता येते का, हे पाहता येते. पाण्याचे वारंवार छोटे घोट आणि बिनसाखरेचे च्युइंगम यांनी बरे वाटते. कोरड घालवण्यासाठी दिवसभर साखरेची गोळी किंवा खडीसाखर चघळत राहण्याची सवय मात्र अत्यंत घातक आहे. जिथे लाळ नाही, तिथे साखर धुऊन न्यायलाही कोणी नसते.

हिरड्या मागे सरकल्या की दाताचे मूळ उघडे पडते. मुळावर एनॅमलचे कठीण कवच नसते. पीएच हे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी, तितके आम्ल तीव्र. एनॅमल साधारण ५.५ पीएचच्या खाली विरघळू लागते. मूळ मात्र पीएच सहाच्या वर असतानाही, म्हणजे त्याहून सौम्य आम्लातही झिजते. म्हणून तरुणपणी किडीचा त्रास न झालेल्यांनाही सत्तरीत हिरडीलगत कीड लागते. वयोमानाने दाताच्या आतली नसेची पोकळी अरुंद होत गेल्याने ती कीड दुखतेही कमी. दुखत नाही म्हणून तपासणी टाळली, की दात हिरडीपाशीच मोडेपर्यंत काही कळत नाही.

उपाय साधा आहे: फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, मऊ ब्रश, दिवसातून दोनदा आणि त्यातली एक वेळ झोपण्यापूर्वीची. घासून झाल्यावर फेस थुंकावा, लगेच खळखळून चूळ भरू नये. फ्लोराइड दातावर राहिले पाहिजे. संधिवाताने मूठ वळत नसेल तर जाड मुठीचा किंवा विजेवर चालणारा ब्रश सोयीचा. दातांच्या फटींसाठी बारीक ब्रश मिळतात. हिरड्यांचा रोग आणि मधुमेह एकमेकांना बिघडवतात, त्यामुळे मधुमेह्यांनी दातांवर साचलेले किटण वेळच्या वेळी काढून घ्यावे.

कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी. गरम पाण्याने ती वाकडी होते. सतत घातल्याने टाळूवर बुरशीचा संसर्ग होतो. दात गेल्यावर जबड्याचे हाड हळूहळू झिजते, म्हणून जुनी कवळी सैल होणे स्वाभाविक आहे. ती नव्याने बसवून घ्यावी. दात नसले तरी वर्षातून एकदा तोंड तपासून घ्यावेच, कारण दोन आठवड्यांत न भरलेले तोंडातले व्रण किंवा न जाणारे लाल-पांढरे चट्टे कर्करोगाचे असू शकतात.

हाडांच्या ठिसूळपणावर बिस्फॉस्फोनेट गटाचे औषध चालू असेल, तर दात काढण्यापूर्वी दंतवैद्यांना सांगणे आवश्यक आहे. या औषधामुळे क्वचित दात काढल्यावर जबड्याच्या हाडाची जखम भरत नाही. रक्त पातळ करणाऱ्या औषधांबाबतही असेच सांगावे.

अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीचे तोंड दुसऱ्या कुणीतरी स्वच्छ करावे लागते, आणि घाईगर्दीत नेमके हेच काम राहून जाते. तोंडातले जिवाणू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरले तर न्यूमोनिया होऊ शकतो. पक्षाघातात लुळ्या पडलेल्या बाजूच्या गालात घास साचून राहतो, तो जेवणानंतर बोटाला ओले कापड गुंडाळून काढावा. रुग्णाला बसते करावे, म्हणजे ठसका लागत नाही. ज्याला बोलून सांगता येत नाही, त्याचे दुखणे वागण्यातून ओळखावे लागते. अचानक जेवण नाकारणे, एकाच बाजूने चावणे, सारखा गालाला हात लावणे, नेहमीची कवळी घालू न देणे, यांपैकी काही दिसले तर आधी तोंडात डोकावून पाहावे.