कंपनीचा पार्ट की लोकल? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

मराठवाड्यातील कोणत्याही गॅरेजमध्ये गाडी उभी केली की 'कंपनीचा टाकायचा की लोकल?' हा प्रश्न ठरलेलाच असतो. आज तो केवळ दराचा प्रश्न वाटत असला, तरी त्याची मुळे टंचाईच्या काळात आहेत. परवाना पद्धतीच्या दशकांत रस्त्यावर प्रामुख्याने ॲम्बेसेडर आणि फियाट याच मोटारी दिसत, नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि मिळालेली गाडी जमेल तितकी वर्षे चालवली जाई. गाडीची रचना फारशी बदलत नसल्याने लहान कारखान्यांना तिचे सुटे भाग बनवणे जमत असे, आणि जो भाग मिळत नसे तो लेथवर घडवून घेतला जाई. त्या काळी लोकल माल ही फसवणूक नव्हती, ती गरज होती.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि तिच्या पाठोपाठ अधिकृत सर्व्हिस सेंटर व कंपनीच्या नावाच्या खोक्यातील सुटे भाग ही पद्धत रुजत गेली. १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या, इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन प्रणाली व सेन्सर आले, आणि मिस्त्रीच्या हातकौशल्यावर निभावणारे भाग कमी होत गेले.

याच काळात मराठवाडा स्वतः या व्यवसायाचे केंद्र बनला. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्याच्या आधाराने एंड्युरन्स आणि व्हॅरॉकसारखे सुटे भाग बनवणारे उद्योग वाढले, आणि २००१ पासून शेंद्र्यात स्कोडाच्या मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. त्यामुळे गाडीची कंपनी बहुतेक भाग स्वतः बनवत नाही, पुरवठादाराकडून आपल्या आराखड्याप्रमाणे बनवून व तपासून घेते, हे इथल्या कामगाराला सांगावे लागत नाही. असा पुरवठादार पुष्कळदा स्वतःच्या नावानेही बाजारात माल विकतो. तो माल आणि कंपनीचे खोके हुबेहूब छापून विकला जाणारा डुप्लिकेट माल यांना एकाच 'लोकल' शब्दात बसवणे अन्यायाचे आहे.

डुप्लिकेट मालाचे खरे रूप ऑइल फिल्टर कापून पाहिल्यावर कळते. चांगल्या फिल्टरमध्ये कागदाच्या दाट, सारख्या घड्या असतात आणि इंजिन बंद असताना ऑइल परत खाली उतरू नये म्हणून रबरी झडप असते. बनावट फिल्टरमध्ये घड्या विरळ असतात आणि झडप कडक, निकृष्ट किंवा मुळातच नसते. बाहेरचा डबा मात्र तसाच दिसतो. ब्रेक पॅडचे तर याहून गंभीर आहे. कन्नडचा घाट चाळीसगावकडे उतरताना पॅड सतत तापतात, आणि पॅडवरचा घर्षणाचा मसाला हलक्या प्रतीचा असेल तर तापला की त्याची पकड कमी होते. म्हणून ब्रेक, स्टिअरिंग आणि एअरबॅग यांच्या बाबतीत कंपनीच्याच भागाचा आग्रह धरावा, असे माझे ठाम मत आहे. वायपरच्या रबरासाठी तेवढा खर्च करण्याची गरज नाही.

कंपन्यांची बाजूही नेहमीच निर्मळ राहिलेली नाही. स्वतंत्र गॅरेजना सुटे भाग व दुरुस्तीची माहिती सहज मिळू दिली जात नाही, या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुरवठादारांना खुल्या बाजारात भाग विकू द्यावेत आणि केवळ बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. कंपन्यांनी या आदेशाला आव्हान दिले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश केला.

मूळ भाग वापरायचा तो कंपनीच्या नावासाठी नव्हे, तर तो निकामी ठरल्यास जाब कोणाला विचारायचा हे ठाऊक असते म्हणून. त्यासाठी पक्के बिल आणि त्यावर पार्ट नंबर असायला हवा. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेला भाग खोक्यावर काहीही छापलेले असले, तरी ग्राहक आयोगापुढे मूळ म्हणून सिद्ध करणे कठीण जाते.