फोन बिलाचं ऑटोपे: पिन टाकण्याआधी काय वाचायचं

ऑटोपे लावलं म्हणून फोन कंपनीला तुमच्या खात्याची किल्ली मिळत नाही. मिळते ती एक मोजकी परवानगी: अमुक कंपनीने, अमुक रकमेपर्यंत, इतक्या वेळा, या तारखेपर्यंत पैसे घ्यावेत. या चारही गोष्टी पिन टाकण्याआधीच्या पडद्यावर लिहिलेल्या असतात, आणि घाईत नेमका तोच पडदा न वाचता पुढे ढकलला जातो. बिलाचे घोळ असोत की फसवणूक, सुरुवात बहुधा तिथेच होते.

नियम काय आहे

रिझर्व्ह बँकेने कार्डावरच्या आवर्ती, म्हणजे ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा होणाऱ्या व्यवहारांसाठी ऑगस्ट २०१९ मध्ये नियम काढले आणि जानेवारी २०२० मध्ये ते यूपीआयलाही लागू केले. परवानगी नोंदवताना ओटीपी किंवा पिन लागतोच. त्यानंतर दर वेळी १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम पुन्हा ओटीपी न मागता कापता येते. आधी ही मर्यादा ५,००० होती, जून २०२२ मध्ये ती वाढवली. विमा हप्ता, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचं बिल यांना १ लाखाची वेगळी मर्यादा आहे. फोन बिल त्यात येत नाही.

पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना आली पाहिजे. तिच्यात कंपनीचं नाव, रक्कम आणि तारीख असते, आणि तेवढा एक व्यवहार किंवा पूर्ण परवानगी थांबवायची सोयही असावी लागते. या सुविधेसाठी बँक ग्राहकाकडून शुल्क घेऊ शकत नाही. मात्र खात्यात शिल्लक नसल्याने हप्ता परतला तर त्याचा दंड ही वेगळी गोष्ट. तो बँकेच्या दरपत्रकात पाहावा.

कोणाला लावता येतं

खातं यूपीआयला जोडता येणाऱ्या बँकेत हवं, आणि बँकेत नोंदवलेल्या नंबराचं सिम त्याच मोबाइलमध्ये हवं. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात पहिली अट नीट तपासावी लागते, कारण इथली बरीच बचत पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्थांत असते. या संस्था म्हणजे बँका नव्हेत. पासबुक तसंच दिसलं तरी ते खातं सहसा यूपीआयच्या यादीत सापडत नाही. अशा वेळी राष्ट्रीयीकृत, खासगी, ग्रामीण किंवा सहकारी बँकेतलं खातं वापरावं लागतं.

संयुक्त खातं ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीने चालत असेल तर यूपीआय चालतं. दोघांच्या सह्या लागणारं खातं असेल तर नाही. बिल आणि खातं एकाच नावावर असण्याची मात्र गरज नाही. खानापूर तालुक्यातल्या वडिलांचं बिल पुण्यातला मुलगा स्वतःच्या खात्यातून लावू शकतो. फक्त २४ तास आधीची सूचना मग मुलाला येईल, वडिलांना नाही. हे घरात आधीच बोलून ठेवलेलं बरं.

ज्या खात्यात कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २,००० रुपये किंवा पेन्शन येते, त्याच खात्याला ऑटोपे लावण्याआधी दोनदा विचार करा. ज्यांची मुख्य जमा ऊसबिलाची आहे, त्यांनी तर आणखीच. कारखान्याचं बिल महिन्याच्या ठरल्या तारखेला येत नाही, फोनचं येतं.

कागदपत्रं

यूपीआय ऑटोपेला एकही कागद लागत नाही. कोणी त्यासाठी आधारची झेरॉक्स किंवा पासबुकाचा फोटो मागितला तर देऊ नका. कार्डावरून लावायचं असेल तर कार्ड आणि ओटीपी पुरतो.

कागद लागतात ते नॅचच्या छापील फॉर्मला, म्हणजे थेट खात्यातून वजावटीच्या जुन्या पद्धतीला. भरलेला फॉर्म, रद्द केलेला चेक किंवा पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, आणि बँकेत आहे तशीच सही. चेकवर दोन आडव्या रेघा मारून मध्ये ‘रद्द’ लिहायचं, सही करायची नाही. फॉर्ममधला कमाल रकमेचा आणि शेवटच्या तारखेचा रकाना कोरा सोडून सही कधीही करू नका. ‘आम्ही भरून घेतो’ हे वाक्य ऐकलं की पेन खाली ठेवा.

फॉर्म परत येण्याची नेहमीची कारणं तीन: सही जुळत नाही, नाव जुळत नाही, आयएफएससी (बँकेच्या शाखेचा कोड) जुना आहे. तिसरं कारण आपल्या भागात खास आहे. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरा बँकेत विलीन झाली, आणि तिचे जुने कोड जुलै २०२१ पासून बंद आहेत. कर्नाटक विकास ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून कर्नाटक ग्रामीण बँकेत गेली. कपाटातल्या जुन्या पासबुकावरून कोड उतरवू नका, शाखेतून आजचा घ्या. पत्त्यात कुठे ‘बेळगाव’ आणि कुठे ‘बेळगावी’ असल्याने मात्र काही अडत नाही. या नोंदणीत पत्ता जुळवला जात नाही.

नोंदणी

सुरुवात नेहमी कंपनीच्या अधिकृत ॲपमधून तुम्ही स्वतः करायची, मेसेजमधल्या लिंकवरून नाही. बिल पेमेंटमध्ये ‘ऑटोपे’ निवडा, यूपीआय निवडा, आपलं यूपीआय ॲप उघडेल. बीएसएनएलच्या लँडलाइन किंवा फायबरसाठी नंबर एसटीडी कोडसकट लागतो. बेळगाव शहरासाठी ०८३१.

आता तो पडदा. कंपनीचं नाव वाचा. कमाल रक्कम वाचा. बिल ३९९ च्या प्लॅनचं असलं तरी १८ टक्के जीएसटी धरून ते ४७०.८२ रुपये होतं, त्यामुळे मर्यादा ४०० ठेवली तर पहिलाच महिना फसेल. नेहमीच्या बिलाच्या दीडपट मर्यादा पुरेशी असते. काही ॲप स्वतःहून ५,००० किंवा १५,००० भरून ठेवतात. तेवढे पैसे लगेच जातात असं नाही, पण बदलता येत असेल तर ती रक्कम खाली आणा. मग वारंवारता आणि शेवटची तारीख. ॲप कन्नडमध्ये उघडलं असेल तर ‘गरिष्ठ मोत्त’ म्हणजे कमाल रक्कम, ‘उळिताय खाते’ म्हणजे बचत खातं आणि ‘रद्दु’ म्हणजे रद्द. हे सगळं पटलं तरच पिन. पडताळणीसाठी १-२ रुपये कापून परत येऊ शकतात, त्याने घाबरू नका.

नवीन सिम काढलं त्याच दिवशी हे करायला बसू नका. सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात, आणि यूपीआयची नोंदणी एसएमएस गेल्याशिवाय पूर्ण होत नाही. दोष ॲपचा नसतो, वाट पाहावी लागते.

बिघडतं कुठे

ऑगस्ट २०२५ पासून यूपीआय ऑटोपेची वजावट गर्दीच्या वेळा टाळून होते, म्हणजे सकाळी १० च्या आधी, दुपारी १ ते ५, किंवा रात्री साडेनऊनंतर. एक प्रयत्न आणि फार तर तीन पुनर्प्रयत्न. त्यामुळे ‘अकरा वाजता बँकेत जाऊन पैसे भरतो’ हे उपयोगाचं नाही. आदल्या संध्याकाळीच शिल्लक ठेवा.

सूचना आल्यावर काळजीपोटी बिल हातानेही भरलं, की बऱ्याचदा दोनदा पैसे जातात. पोस्टपेडमध्ये जादा रक्कम पुढच्या बिलात वळती होते.

प्रीपेडवाल्यांची अडचण वेगळी. प्लॅनची किंमत बदलली किंवा प्लॅनच बंद झाला तर ऑटोपे थांबू शकतं, आणि ते कळतं रिचार्ज संपल्यावर. शिवाय सर्कलचा, म्हणजे सिम ज्या दूरसंचार विभागाचं आहे त्याचा घोळ. चंदगड किंवा कोल्हापुरात घेतलेलं सिम महाराष्ट्र-गोवा सर्कलचं, निपाणीत घेतलेलं कर्नाटकचं. दोन्हीकडे वावर असणाऱ्यांनी ॲपने निवडलेलं सर्कल तपासावं, नाहीतर दाखवलेला प्लॅन त्या नंबराला लागूच होत नाही.

नंबर पोर्ट करणार, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलणार असाल तर आधी शेवटचं बिल भरा, कारण थकबाकी असेल तर पोर्टिंग नाकारलं जातं. जुन्या कंपनीची परवानगी तुम्हालाच रद्द करावी लागते. ॲप मोबाइलमधून काढून टाकल्याने ती रद्द होत नाही, ती बँकेच्या बाजूला जिवंत राहते. यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत जा, रद्द निवडा, पिन टाका. कंपनीची संमती लागत नाही. अर्थात याने फोनचं कनेक्शन बंद होत नाही आणि बिलही माफ होत नाही.

काय सांगावं, काय सांगू नये

खाते क्रमांक आणि आयएफएससी एवढ्यावरून कोणी पैसे काढू शकत नाही. पैसे पाठवायला तेच लागतात. यूपीआय आयडीचंही तसंच. पण कार्डाचा पूर्ण क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे एकत्र कोणालाही देऊ नयेत. ओटीपी आणि यूपीआय पिन तर दुकानदारालाही नाही, मग दुकान खडेबाजारातलं असो वा निपाणी बसस्टँडजवळचं. मोबाइल त्याच्या हातात देऊन ‘तूच कर बाबा’ म्हणण्यापेक्षा, मोबाइल आपल्या हातात ठेवून त्याने सांगावं आणि आपण दाबावं. पिन पैसे देण्यासाठी, ऑटोपे लावण्या-रद्द करण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी असतो, पैसे घेण्यासाठी नाही. ‘रिफंडसाठी पिन टाका’ म्हणणारा खोटं बोलतोय.

‘तुमचं सिम आज रात्री बंद होणार, केवायसी करा’ असा फोन आला की ठेवून द्या. तुमची स्क्रीन समोरच्याला दाखवणारं ॲप किंवा एपीके फाइल (ॲप बसवणारी फाइल) उतरवायला सांगणं, *401* ने सुरू होणारा कोड दाबायला सांगणं, ही त्याचीच पुढची पावलं. त्या कोडने तुमचे कॉल दुसऱ्याकडे वळतात आणि कॉलवर येणारा ओटीपी त्याला ऐकू जातो. चुकून दाबला गेला असेल तर ##002# डायल करा.

बँकेचा मेसेज खरा की खोटा हे पाहायला दोन खुणा आहेत. पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी टी, एस, पी किंवा जी असं अक्षर असतं: व्यवहार, सेवा, जाहिरात, सरकारी. दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला ‘बँकेचा’ मेसेज संशयितच. आणि बँकांची संकेतस्थळं आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतात.

मोबाइलची रेंज अचानक जाणं ही सिम दुसऱ्याने काढल्याची खूण मानतात. जांबोटी-चोर्ला पट्ट्यात रेंज जाणं रोजचंच, त्यामुळे शेजाऱ्याच्या त्याच कंपनीच्या फोनला रेंज आहे का ते आधी पाहा. त्याला असेल आणि तुम्हाला तासभर नसेल, तर दुसऱ्या फोनवरून कंपनीला आणि बँकेला कळवा.

पैसे गेलेच तर

पहिला फोन सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला, दुसरा बँकेला, दोन्हींचा तक्रार क्रमांक लिहून घ्या. नंतर सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर किंवा सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे पाहणाऱ्या) पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ना तुमची ना बँकेची असेल, आणि सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तोटा तुमच्यावर येत नाही. चार ते सात दिवस लागले तर साध्या बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंतची झळ बसू शकते. पिन किंवा ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा तुमचा. म्हणून लाज वाटून दोन दिवस गप्प बसू नका.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. चौकशीचा क्रमांक १४४४८. फोन कंपनीने चुकीचं बिल कापलं असेल तर तिच्या १९८ क्रमांकावर तक्रार नोंदवून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. निकाल पटला नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि तिथे हाच डॉकेट नंबर पहिल्यांदा मागतात.