शैवल-बहुशर्करांचे रासायनिक रूपांतर

समुद्री शैवलांच्या पेशीभित्तीतून मिळणाऱ्या लांब साखळीच्या शर्करांवर रासायनिक प्रक्रिया करून त्यांची प्रतिऑक्सिडीकारक (अँटिऑक्सिडंट) किंवा जंतुरोधक क्षमता वाढवण्याचे तंत्र. लाल शैवलांतून आगर व कॅराजीनन, तपकिरी शैवलांतून अल्जिनेट व फ्युकॉइडन, तर उल्वा या हिरव्या शैवलातून उल्वान मिळते. आगर म्हणजे किराणा दुकानातले चायना ग्रास. चीक न मिळाल्यास खरवस त्यावर लावतात.

सारा खेळ साखळीची लांबी आणि तिच्यावरचा विद्युतभार यांचा आहे. लांब साखळीचे द्रावण घट्ट होते आणि तिचे बरेच क्रियाशील गट आत दडून राहतात, म्हणून अनेकदा आधी ती तोडतात. हायड्रोजन पेरॉक्साइड व ॲस्कॉर्बिक आम्ल यांच्या मिश्रणातून निघणारी मुक्त मूलके (एकटा इलेक्ट्रॉन असलेले, फार क्रियाशील कण) हे काम करतात. मुक्त मूलकांना आवरणारा पदार्थ घडवायला हत्यारही त्यांचेच, ही गंमतच म्हणायची. मात्र कॅराजीनन फार तोडले की पॉलिजीनन होते आणि ते खाद्यपदार्थांत चालत नाही.

सल्फेटीकरणात, म्हणजे साखळीवर ऋणभारित सल्फेट गट बसवताना, बर्फात ठेवलेल्या पिरिडीनमध्ये क्लोरोसल्फॉनिक आम्ल थेंबथेंब सोडतात. घाई केली तर मिश्रण तापून उसळते. त्यात शैवल-शर्करा मिसळून, उदासीन करून, मिश्रण अपोहन पिशवीत (लहान रेणू बाहेर जाऊ देणाऱ्या, मोठे अडवणाऱ्या पातळ पडद्याच्या पिशवीत) भरतात. क्षार निघून जाईपर्यंत दोन-तीन दिवस पाणी बदलत बसावे लागते. वाढलेल्या सल्फेटमुळे प्रतिऑक्सिडीकारक गुण बहुधा वाढतो, पण हेपारिनसारखा रक्त न गोठू देण्याचा गुणही येऊ शकतो. ॲसिटिलीकरण व कार्बोक्सिमेथिलीकरण (साखळीवर ॲसिटिल किंवा कार्बोक्सिमेथिल गट बसवणे) आणि गॅलिक आम्लासारखे फिनॉल जोडणे हे इतर मार्ग.

जंतुरोधाचे गणित उलटे आहे. जीवाणूंचा पृष्ठभाग ऋणभारित आणि बहुतेक शैवल-शर्कराही ऋणभारित, त्यामुळे दोघांचे जमत नाही. म्हणून साखळीवर धनभारित चतुर्थक अमोनियम गट बसवतात. हे गट जीवाणूच्या पटलाला चिकटून ते पटल फाडतात. मूळचे सल्फेट गट शिल्लक असले तर ते हा धनभार काही अंशी खाऊन टाकतात.

प्रतिऑक्सिडीकारक क्षमता मोजायला डीपीपीएच (एक स्थिर मुक्त मूलक) चाचणी सर्रास वापरतात: त्याचे जांभळे द्रावण पिवळे पडते आणि ५१७ नॅनोमीटरवरचे शोषण घटते. पण हे द्रावण अल्कोहोलात करतात आणि शैवल-शर्करा अल्कोहोलात साका होऊन खाली बसतात. गढूळ नळीतला आकडा जपूनच वाचावा.