नवजात अर्भकाचा भावनिक विकास

जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतील बाळाला वैद्यकात नवजात अर्भक म्हणतात. या वयात राग, भीती, लाज अशा सुट्या भावना दिसत नाहीत. दिसते ती स्वस्थता किंवा अस्वस्थता, आणि तिच्यासोबत कमी-जास्त होणारी शारीरिक उत्तेजना. माँट्रियल येथील संशोधक कॅथरीन ब्रिजेस यांनी १९३२ मध्ये असे मांडले की, आरंभी एक सर्वसाधारण उत्तेजनाच असते आणि तिच्यातून त्रास व आनंद, पुढे राग, किळस, भीती अशा भावना टप्प्याटप्प्याने वेगळ्या होत जातात. या क्रमाच्या तपशिलाबद्दल पुढे बराच वाद झाला. लाज आणि अभिमान यांना मात्र स्वतःची जाणीव लागते, आणि म्हणून त्या दीड-दोन वर्षांच्या सुमारास येतात, हे सर्वसाधारणपणे मान्य आहे.

माणसांकडे ओढ घेण्याची तयारी जन्मतःच असते. बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचे त्यातल्या त्यात स्पष्ट दिसते, म्हणजे अंगावर पाजताना आईचा चेहरा जेवढ्या अंतरावर असतो तेवढेच. आवाजाची ओळख तर गर्भातच झालेली असते. डिकॅस्पर आणि फायफर यांच्या १९८० मधील प्रयोगात जेमतेम तीन दिवसांपर्यंतच्या बाळांनी चोखण्याची लय बदलून परक्या स्त्रीऐवजी आईचे ध्वनिमुद्रण ऐकणे पसंत केले. नवजात बाळे मोठ्यांच्या चेहऱ्याचे अनुकरण करतात, हा १९७७ मधील गाजलेला निष्कर्ष मात्र पुढच्या काही काटेकोर अभ्यासांत टिकला नाही, आणि तो पालकांना ठाम सत्य म्हणून सांगणे योग्य नाही.

झोपेतले हसू पहिल्या आठवड्यापासून दिसते. आपल्याकडे त्याला सटवाई हसवते असे म्हणतात. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ते हलक्या झोपेतील स्नायूंच्या हालचालींचे फळ असते. समोरच्याचा चेहरा पाहून हसणे सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास सुरू होते.

बाळाचे वागणे समजून घेण्यासाठी त्याची अवस्था ओळखावी लागते. गाढ झोप, हलकी झोप, पेंग, शांत जागेपणा, चुळबुळीचा जागेपणा आणि रडणे अशा सहा अवस्था मानल्या जातात. यांपैकी शांत जागेपणातच बाळ टक लावून पाहते व आवाजाकडे वळते. पहिल्या दिवसांत ही अवस्था एका वेळी काही मिनिटेच टिकते. मालीश चालू असताना किंवा कोणी गप्पा मारत असताना बाळाने मान वळवली, बोटे फाकवली, उचकी किंवा जांभई दिली, तर पुष्कळदा त्याला थोडा अवकाश हवा असतो. अशा वेळी खुळखुळा आणखी जोरात वाजवण्याऐवजी क्षणभर गप्प राहून हात त्याच्या छातीवर नुसता ठेवला, तर ते बहुधा स्वतःहून पुन्हा पाहू लागते. बारशाला बाळ हातोहात फिरते, तेव्हा या खुणांकडे कोणाचेच लक्ष नसते.

रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वाधिक होते आणि तीन-चार महिन्यांत ओसरते. पोट भरलेले, लंगोट कोरडा, ताप नाही, तरीही संध्याकाळी बाळ तासभर रडते. यात आईचे काही चुकलेले नसते. नवजात अर्भकाला स्वतःची उत्तेजना स्वतः आवरता येत नाही, ते काम तूर्त मोठ्या माणसाच्या शरीराने करायचे असते: छातीशी धरणे, संथ झुलवणे, एकसुरी अंगाई. घेतल्याने बाळाला हाताची सवय लागते, हा घरोघरी ऐकू येणारा सल्ला या वयाला लागू नाही. हंझिकर आणि बार यांच्या १९८६ मधील अभ्यासात दिवसभरात अधिक वेळ अंगावर घेतलेली बाळे सहाव्या आठवड्यात बरीच कमी रडली. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या निरीक्षणांतही, आरंभीच्या महिन्यांत रडण्याला तत्पर प्रतिसाद मिळालेली बाळे वर्षाच्या अखेरीस कमी रडत असल्याचे आढळले. प्रत्येक हाकेला अचूक उत्तर मिळालेच पाहिजे असे नाही. चुकलेला अंदाज लगेच सुधारला जाणे हेही नात्याचाच भाग आहे. मात्र रडणे असह्य झाले, तर बाळाला सुरक्षित जागी उताणे ठेवून काही मिनिटे बाजूला व्हावे. त्याला गदागदा हलवल्यास मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

जन्मानंतरचा पहिला तास हुकला की भावबंध कायमचा कच्चा राहतो, ही १९७० च्या दशकात पसरलेली समजूत पुढील संशोधनाने उचलून धरली नाही. सिझेरियन झालेल्या किंवा बाळ अतिदक्षता विभागात असलेल्या आयांना हे स्पष्ट सांगायला हवे. भावबंध अनेक महिन्यांच्या रोजच्या देखभालीतून घडतो, आणि तो वडील, आजी किंवा दत्तक पालक यांच्याशीही तितकाच पक्का होतो. त्वचेला त्वचा लावून धरण्याचे मोल त्याने कमी होत नाही. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांनी सुरू केलेल्या कांगारू मातृसेवेत कमी वजनाच्या बाळाला उघड्या छातीवर उभे बांधून ठेवतात. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही सेवा जन्मानंतर लगेच सुरू केल्याने अशा बाळांचे मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटले.

महाराष्ट्रात माहेरी होणारे बाळंतपण आणि सव्वा महिन्याची विश्रांती यांमुळे आईच्या हाताखाली माणसे असतात, हा या प्रथेचा मोठा लाभ आहे. तेच घर सल्ल्यांनी गजबजलेले असेल, तर पहिलटकरीण आपल्याच बाळाबाबत साशंक होते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या दिवसांतले रडू बहुधा दोन आठवड्यांत निवळते. त्यानंतरही उदासी, झोप उडणे किंवा बाळाविषयी कोरडेपणा राहिला, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. चाचपणीसाठी १९८७ पासून वापरात असलेली एडिंबरा प्रश्नावली दहाच प्रश्नांची आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने रुजवलेल्या घरपोच नवजात सेवेतून आकाराला आलेल्या ‘आशा’ सेविकांच्या गृहभेटी ४२ व्या दिवसापर्यंत चालतात. वजन आणि तापमान पाहण्याबरोबर आईची झोप कशी आहे, तिला कसे वाटते, हे विचारायला त्याच भेटी उपयोगी पडू शकतात.